वेंडुममधला डु

यमुना केतकरला लीड्समध्ये येऊन तेवीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिचं बोलणं कुणी दुरुस्त न करता ऐकून घेतलं असं क्वचितच झालं होतं. इंग्रजी दुरुस्त व्हायचं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तमिळ दुरुस्त करणारं लीड्समध्ये कुणी नाही असा तिचा समज होता. राहिलं मराठी. ते तिच्या जन्माचं होतं, पण त्याच्यावरचा हक्क मात्र पुण्याच्या माणसांचा होता.

यमुना तंजावरची. तिच्या घराण्यातली माणसं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. थोडं आतलं बाहेर सांडलं, बरंच बाहेरचं आत आलं. 'नको'ला ती 'नक्को' म्हणायची, 'माहीत नाही'ला 'ठाऊक नाही'. डॉक्टर गिरीश केतकर वर्षभर वेल्लोरच्या हॉस्पिटलात होते, तिथे ओळख होऊन लग्न झालं. सासूबाईंनी पहिल्याच भेटीत तिच्यासमोर मुलाला विचारलं होतं, हिला मराठी समजतं का. समजलं होतं. इथे मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा ती 'मज ठाऊक नाही' म्हणाली, तेव्हा सुमन प्रधान हातातला मोदकांचा डबा खाली ठेवून हसली होती.

"अगं बाई, अभंग म्हणतेयस की काय?"

आम्ही मंडळातल्या सगळ्याच हसलो. यमुनाही हसली, फक्त आमच्यापेक्षा जरा उशिरा.

घरी गिरीश जेवताना पेपरातून डोकं वर न काढता तिला दुरुस्त करायचे. "ठाऊक नाही, माहीत." त्यात राग नसायचा. खाली पडलेला चमचा उचलून ठेवावा तसं ते शब्द उचलून ठेवायचे. मुलगी उल्का इथेच जन्मलेली, सतरा वर्षांची. ती विचारायची, "आई, माझा बॅग कुठे आहे?" गिरीश म्हणायचे, "माझी." यमुना फक्त बॅग कुठे आहे ते सांगायची.

लग्नाआधी तंजावरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तिनं तमिळ टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. लोअर आणि हायर. बोटं कळांवर अशी बसली होती की तांदूळ निवडतानाही ती ताटाच्या काठावर हलायची. लीड्सला आल्यावर या विद्येचा काही उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि बारा वर्षं झालाही नाही. मग एकोणीसशे त्र्याऐंशीच्या दंगलींनंतर श्रीलंकेतून तमिळ माणसं यायला लागली. गिरीश ज्या हॉस्पिटलात होते तिथे एक म्हातारी डोळ्यांत घालायचं औषध पिऊन बसली, कारण बाटलीवरचं तिला वाचता आलं नव्हतं. गिरीशनी वॉर्डात सांगितलं, माझी बायको तमिळ लिहिते. यमुनानं पहिल्या सूचना हातानं लिहिल्या, वॉर्डातल्याच कागदावर. पुढे आठवड्याचे अठरा तास नोकरी झाली.

या नोकरीत तिचं टायपिंग दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं मोडलं. आधी कुठून तरी एक तमिळ टाईपरायटर आला, पण तो कोलंबोहून आलेला. अक्षरं तीच, पण निम्म्या कळा तंजावरच्या जागेवर नव्हत्या. सहा महिने ती मारायची एक आणि उमटायचं भलतंच. त्याची सवय होतेय तोवर कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबरच्या फ्लॉपीवरच्या फाँटमध्ये इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाईप करायचं होतं, के मारला की क. बोटांचं सगळं पाठांतर पुसून ती पुन्हा एका बोटानं टाईप करायला लागली. त्र्याण्णवमध्ये ते कॉम्प्युटरही बदलले. जुनी माहितीपत्रकं नव्यावर उघडली तर पडद्यावर नुसते कंस, उद्गारचिन्हं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं. कॉम्प्युटर विभागातला माणूस आला, बघून म्हणाला की त्याला तरी सगळं पहिल्यासारखंच दिसतंय. एक्केचाळीस पत्रकं तिनं परत टाईप केली.

नव्या फाँटमध्ये कळांची मांडणी टाईपरायटरसारखी होती, आणि ती बहुतेक तंजावरचीच होती. यमुनाला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की 'डु' उमटत नाही.

तमिळमध्ये 'डु' आपल्यासारखा ड-ला उकार जोडून होत नाही. त्याचं एक वेगळं, अखंड अक्षर असतं आणि त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागते. हा फाँट अमेरिकेत राहणाऱ्या कुणी तरी केला होता. त्यानं 'डु' दिला होता तीनच्या आकड्यावर, शिफ्ट दाबून. तिथे अमेरिकन कीबोर्डवर हॅशचं चिन्ह असतं, दोन आडव्या दोन उभ्या रेघांचं. इंग्लंडच्या कीबोर्डवर त्या जागी पौंड असतो. अमेरिकेतल्या त्या माणसाला पौंडाशी काय करायचं होतं? त्यानं ती जागा मोकळीच सोडली होती. यमुना शिफ्ट धरून तीन मारायची आणि कागदावर एक अक्षर मावेल एवढी पांढरी जागा पडायची. दोन दिवस ती कीबोर्डवरची प्रत्येक कळ दाबत बसली. शेवटी एंटरच्या शेजारी, जिथे कधीच कुणाचं बोट जात नाही, तिथे हॅश सापडला. तो मारला आणि 'डु' आला. तिनं त्या कळीवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर पेननं 'डु' लिहिला. गिरीशना तिनं हे जेवताना सांगितलं. ते म्हणाले, छान. आणि आमटी पुढे सरकवायला सांगितली.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये हॉस्पिटलची नवी व्यवस्था झाली. तोवर यमुनाच्या टेबलाशेजारी छोटा प्रिंटर होता, तो नेला. आता सगळी पत्रं रस्त्यापलीकडे, जुन्या लाँड्रीच्या इमारतीत एका खोलीत छापायची आणि तिथूनच पोस्टात टाकायची. यमुनानं दर मंगळवारी तमिळ पत्रांची फ्लॉपी तिकडे पाठवायची. पडद्यावर ती प्रत्येक पत्र दोनदा वाचायची. कागद मात्र तिला दिसेनासा झाला.

नोव्हेंबरमध्ये मिसेस हॅलमनी तिला बोलावलं. मिसेस हॅलम तिच्या वरच्या, रिटायर व्हायला एक वर्ष राहिलेल्या, बसल्या बसल्या सतत एका पायातला बूट काढून टाच चोळणाऱ्या. त्यांच्यापुढे एक फाईल होती. नवरत्नम नावाचे एक गृहस्थ, वय बाहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जवळजवळ गेलेला. अकरा महिने थांबून त्यांचा नंबर आला. ऑपरेशनच्या सकाळी आले, टेबलावर घेण्याआधी रक्तदाब बघितला तर इतका वर की डॉक्टरांनी सरळ घरी पाठवलं. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी दोन आठवडे घेतल्याच नव्हत्या. मुलीनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, पत्रात लिहिलं होतं घेऊ नका.

यमुना म्हणाली, पत्रात लिहिलं होतं घ्यायला हव्यात. तिला वाक्य पाठ होतं.

मिसेस हॅलमनी नियम समजावून सांगितला. पेशंटनं सूचना पाळल्या नसतील तर तो यादीत शेवटी जातो. म्हणजे आणखी अकरा महिने, कदाचित जास्तच. चूक हॉस्पिटलची असेल तर तो होता तिथे परत, पहिला. तेव्हा चूक कुणाची हे ठरायला हवं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी बूट पायात घातला आणि विचारलं, "यमुना, खात्री आहे ना? दमलं की होतं असं."

यमुना त्याच दिवशी सुटल्यावर हेअरहिल्सची बस पकडून नवरत्नमांच्या घरी गेली. पाऊस होता आणि बसच्या काचांवर वाफ धरली होती. घर दोन खोल्यांचं, वर जायचा जिना इतका अरुंद की ओल्या छत्रीसकट चढता येईना. दार मुलीनं, राजेश्वरीनं उघडलं. ती शाळेच्या किचनमध्ये काम करायची, अंगावर अजून तो निळा डगला होता. म्हातारे नवरत्नम खुर्चीत ताठ बसले होते, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. श्रीलंकेत ते पोस्टमास्तर होते. त्यांनी यमुनाच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून हात जोडले. ती त्यांना आदरानं ऐया म्हणाली, त्यांनी तिला पिळ्ळे म्हटलं. पिळ्ळे म्हणजे लेकरा. यमुना तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती.

तिनं पत्र मागितलं. राजेश्वरीनं एक नाही, सगळीच आणली. म्हाताऱ्यांनी हॉस्पिटलची पत्रं तारखेनं लावून दोऱ्यानं बांधून ठेवली होती. यमुनानं वरचं उघडलं.

तमिळमध्ये 'हवं'ला वेंडुम म्हणतात आणि 'नको'ला वेंडाम. फरक मधल्या एका अक्षराचा. 'ऑपरेशनपर्यंत रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला' या वाक्याच्या शेवटी शब्द होता, 'वें', मग एक मोकळी जागा, मग 'म'. डु नव्हता. त्याच्या खालच्याच ओळीत, ऑपरेशनच्या सकाळी काही खायला नको, असं होतं. तिथला वेंडाम अक्षरन् अक्षर शाबूत होता.

तिनं खालची पत्रं बघितली. जिथे जिथे डु, तिथे तिथे भोक. घर म्हणजे वीडु, त्याचं नुसतं 'वी' उरलं होतं. ऑगस्टनंतरच्या प्रत्येक पत्रात. पोस्टातून गावभर गेलेली तिची सगळी पत्रं दात पडल्यासारखी गेली होती, तीन महिने, आणि तिला एकानंही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही मला फोन का नाही केला, ऐया?" तिनं विचारलं. "इतकी अक्षरं गाळलेली दिसत होती."

राजेश्वरीनं वडिलांकडे बघितलं आणि मग चहा ठेवायला उठली. उत्तर म्हाताऱ्यांनीच दिलं, अगदी सौम्यपणे.

"तुम्ही मराठी आहात ना, पिळ्ळे. कुणीतरी सांगितलं होतं. म्हटलं, परकी बाई आपल्यासाठी एवढं लिहिते, तिच्या चुका काय काढायच्या. भरून वाचायचं. मी चाळीस वर्षं अर्ध्या पत्त्यांची पत्रं पोचवली. मुलगी वाचून दाखवते, जिथे अक्षर नसेल तिथे मी सांगतो काय असेल ते."

"आणि इथे?"

"इथे खालच्या ओळीत खायला वेंडाम होतं. उपाशी पोटी गोळ्या कशा घेणार? म्हणून वरही वेंडामच असणार." त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "माझं एकही पत्र कधी चुकीच्या घरी गेलं नव्हतं."

गोळ्या आजपासूनच सुरू करा असं बजावून यमुना चहा पिऊन निघाली. दारात राजेश्वरीनं तिला हळूच विचारलं की आता परत एक वर्ष का. डाव्या डोळ्यानंही त्यांना दिसेनासं झालंय, परवा गॅस समजून त्यांनी नळ उघडला होता. यमुना म्हणाली, बघते. बसमध्ये तिला राग यायला हवा होता, पण कुणाचा, ते ठरेना. तंजावरच्या तिच्या शाळेत तमिळचं पहिलं बक्षीस तिला होतं.

दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून पत्रांच्या खोलीत गेली. तिथे मॉरीन नावाची बाई दोन मोठ्या प्रिंटरांच्या आवाजात दिवसभर बसायची आणि त्यामुळे सगळ्यांशी ओरडूनच बोलायची, प्रत्येकाला 'लव्ह' म्हणून. यमुनानं तिला विनंती केली की एका इंग्रजी पत्रात हॅशचं चिन्ह टाईप करून छापून दाखव. मॉरीननं छापलं. कागदावर पौंड आला.

"हा तसंच करतो, लव्ह," मॉरीन म्हणाली. "मागे बटणं आहेत त्याला. इंग्लंडवर लावलाय. हॅश पाठवला की पौंड छापतो. आम्हाला हॅश लागतोय कुठे?"

एवढंच होतं ते. पडद्यावर डु होता, फ्लॉपीत डु होता. प्रिंटर त्याला हॅश समजत होता, हॅशचा पौंड करत होता, आणि तमिळ फाँटमध्ये पौंडाच्या जागी काहीच नव्हतं. कीबोर्डवर तिला जी मोकळी जागा भेटली होती, तीच रस्ता ओलांडून पुढे येऊन बसली होती.

यमुनानं विचारलं, बटण अमेरिकेवर लावून ठेवता येईल का. मॉरीन म्हणाली, मग इंग्रजी पत्रांत पौंडाच्या जागी हॅश येईल, आणि इंग्रजी पत्रं दिवसाला चारशे. कॉम्प्युटर विभागाला यमुनानं फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा बिघाड नाही, प्रिंटर जसा चालायला हवा तसाच चालतोय. तरी लेखी कळवा, इंजिनियर येऊन अहवाल देईल. किती दिवसांत? सहा आठवडे धरा.

ती मिसेस हॅलमकडे परत आली आणि सगळं सांगितलं. सांगताना तिचं इंग्रजी दोनदा अडखळलं, कारण हॅश, पौंड, डु, अमेरिका हे सगळं एका वाक्यात बसत नव्हतं. मिसेस हॅलमनी मान हलवली. त्यांना पटलं होतं, किंवा पटलं नसलं तरी यमुनावर विश्वास होता. पण त्यांच्यापुढे फॉर्म होता आणि फॉर्ममध्ये तीन चौकोन होते. पेशंटनं सूचना पाळली नाही. कारकुनी चूक. यंत्रातला बिघाड.

"तिसरा लावला तर अहवाल जोडावा लागेल," त्या म्हणाल्या. "अहवाल येईपर्यंत ते यादीत कुठेच नाहीत. दुसरा लावला तर काही जोडावं लागत नाही, फक्त तुमची सही. पुढच्या गुरुवारी एक पेशंट रद्द झालाय. ती जागा मी उद्या दुपारपर्यंत धरून ठेवू शकते."

"आणि अहवाल नंतर आला तर? चौकोन बदलता येईल?"

मिसेस हॅलमनी फॉर्म उलटून बघितला, जणू मागे उत्तर असेल. मागे काही नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कारकुनी चुकीची नोंद फाईलमध्ये जाते आणि तिथून बाहेर येत नाही. यमुनाला वरची ग्रेड द्यावी म्हणून त्यांनी स्वतः दोन वर्षं पाठपुरावा केला होता. तो आता थांबेल. "विचार करा. घरी बोला."

घरी ती बोलली. गिरीशनी या वेळी पेपर खाली ठेवला. ते म्हणाले, चूक तुझी नाही तर तू सही करायची नाहीस. हे तत्त्वाचं आहे. त्यांनी स्वतः वीस वर्षं याच लोकांत काढली होती, एकदा कागदावर नाव लागलं की काय होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या कन्सल्टंट, म्हणजे मुख्य डॉक्टर, न होण्याची गोष्ट त्या घरात बोलली जात नसे, पण जेवणाच्या टेबलावर ती रोज कुठे बसते ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं बोलणं बरोबर होतं. यमुना आमटी ढवळत ऐकत होती.

"मग म्हाताऱ्याला नक्को सांगू?" तिनं विचारलं.

"नको," गिरीश म्हणाले.

त्यांना स्वतःलाही कळलं नाही की त्यांनी तिला उत्तर दिलं की तिचा शब्द दुरुस्त केला. तिनं थोडा वेळ वाट बघितली. त्यांनी पेपर परत उचलला.

उल्का ताट उचलत म्हणाली, "आई, तू साईन केली तर तो ओल्ड मॅनला दिसेल ना? मग सिंपल आहे."

त्या वाक्यात किती चुका होत्या त्या गिरीशनी त्या दिवशी काढल्या नाहीत.

सकाळी दहा वाजता यमुनानं दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही केली. मिसेस हॅलमनी लगेच फोन उचलून गुरुवार पक्का केला आणि मग खूप वेळ टाच चोळत राहिल्या. नवी तारीख आणि दिलगिरी, दोन्ही एकाच पत्रात जायचं होतं. इंग्रजी मसुदा वरच्या मजल्यावरून आला. त्यात होतं की आधीच्या पत्रात टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीकडून चूक झाली, हॉस्पिटल दिलगीर आहे, आणि संबंधित व्यक्तीला योग्य ते प्रशिक्षण देण्यात येत आहे. त्याचं तमिळ करून टाईप करायचं काम अर्थातच यमुनाचं. 'संबंधित व्यक्ती'ला तमिळमध्ये नेमकं काय म्हणावं यावर ती थोडा वेळ अडली. मग सापडलं. शेवटी तिनं गोळ्यांचं वाक्य लिहिलं, त्याचा वेंडुम टाईप केला, चिकटपट्टीवरचं बोट उचललं, आणि फ्लॉपी स्वतः घेऊन रस्ता ओलांडला.

मॉरीननं प्रिंटर भिंतीपासून ओढून दिला. "मी आता चहाला जातेय, लव्ह," ती ओरडली, "माझ्यामागे कुणी काय केलं ते मला माहीत नाही." प्रिंटरच्या पाठीत नखाएवढी पांढरी बटणं एका रांगेत होती. यमुनानं गुडघ्यांवर बसून पेनच्या टोकानं तिसरं बटण खाली केलं. पत्र छापलं. डु होता. जाड, काळा, जरा तिरपा. तिनं तो बोटानं चाचपला, शाई हाताला लागली. मग बटण परत वर केलं, इंग्रजी पत्रांना त्यांचा पौंड मिळावा म्हणून, आणि उठताना टेबलाचा आधार घेतला. यापुढे दर मंगळवारी हे करावं लागणार हे तिच्या लक्षात आलं होतं.

गोळ्या नऊ दिवसच पोटात गेल्या, पण तेवढ्या पुरल्या. गुरुवारी नवरत्नमांचा उजवा डोळा झाला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात यमुनाला दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं. प्राथमिक कीबोर्ड ओळख. वर्गात शाळा नुकत्याच सोडलेल्या सात मुली होत्या. शिकवणारीनं सगळ्यांना सांगितलं की कीबोर्डला घाबरायचं नाही. यमुनानं दोन दिवस ए एस डी एफ टाईप केलं आणि सर्टिफिकेट घेऊन आली. ते फाईलमध्ये चुकीच्या नोंदीच्या मागे लावलं गेलं. मंडळात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. सुमन प्रधाननं हळदीकुंकवाला विचारलं, काय गं, म्हणे टायपिंग शिकायला गेली होतीस? यमुना म्हणाली, हो. कुणी तरी विचारलं, का? ती म्हणाली, ठाऊक नाही. त्या दिवशी कुणी हसलं नाही. म्हणजे हसायचं राहून गेलं, कारण त्याच वेळी कॉफी आली.

इंजिनियरचा अहवाल जानेवारीत आला. प्रिंटर व्यवस्थित चालतो, असा.

फेब्रुवारीत नवरत्नम तपासणीसाठी आले होते, तेव्हा ते मुलीला घेऊन यमुनाच्या टेबलापाशी आले. जाड भिंगांचा चष्मा होता, पण काठी हातात नुसतीच धरलेली होती. त्यांनी यमुनाकडे पहिल्यांदाच बघितलं, मग चष्मा सारखा करून पुन्हा बघितलं. आवाजावरून त्यांना ती वेगळी वाटली असणार. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून तिचं पत्र काढलं, तेच, दिलगिरीचं, आणि उघडून टेबलावर ठेवलं.

"हे मी स्वतः वाचलं, पिळ्ळे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुलीला विचारावं लागलं नाही." त्यांनी बोट वेंडुमखाली धरलं. "एकही अक्षर गळलेलं नाही. मी हिला म्हटलं, बघ, हॉस्पिटलनं शिकवलं तर परकी बाईसुद्धा किती चांगलं तमिळ लिहायला लागते."

राजेश्वरीनं जमिनीकडे बघितलं. तिला काही तरी अंदाज असावा. कीबोर्डवरची चिकटपट्टी कडेनं सुटून काळी पडली होती, आणि म्हाताऱ्यांची नजर, नवी नवी असल्यामुळे, प्रत्येक गोष्टीवर थांबत होती. ती त्या कळीवर आली. तिथे पेननं लिहिलेला, पुसट झालेला डु होता. त्यांनी वाकून तो वाचला आणि लहान मुलाची वही बघितल्यासारखी समाधानानं मान डोलावली.

"असं लिहून ठेवलं की लक्षात राहतं," ते म्हणाले.

सांगण्यासारखं यमुनाकडे बरंच होतं. तंजावर होतं, शाळेतलं बक्षीस होतं, हायरची परीक्षा होती, पौंड होता. पण सगळं सांगायचं तर म्हाताऱ्यांना परत हे कळलं असतं की पत्र चुकीच्या घरी गेलं ते त्यांच्या हातून. आणि तो मंगळवार होता. रस्त्यापलीकडे जायचं होतं.

"हो, ऐया," ती म्हणाली. "शिकले थोडं."

त्यांनी पत्राची घडी घालून ते परत आतल्या खिशात ठेवलं. ती दोघं लिफ्टकडे वळेपर्यंत यमुना उभी राहिली. मग तिनं ड्रॉवरमधून नवी चिकटपट्टी काढली, कळीच्या मापाची कापली, आणि त्यावर पुन्हा डु लिहिला.